सोबत कोण?

दिवाळीनंतर एका लग्नासाठी अक्का आणि मी विमानाने नागपूरला गेलो. अक्का माझी थोरली बहीण, वय ८१. गुडघे गेल्यामुळे व्हीलचेअर लागते, बाकी डोकं, कान आणि जीभ (विशेषतः जीभ!) शाबूत. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "आजोबा, या आपलं आपण खातात का? बाथरूमला जातात का?" अक्का समोरच बसलेली. म्हणाली, "बाळ, मला विचार की. मला बोलता येतं." मुलगी बिचारी ओशाळली.

आम्ही हसलो खरे, पण प्रश्न डोक्यातून जाईना. अपंग प्रवाशाला सोबती लागतो की नाही, हे ठरवायचं कोणी? आणि लागलाच तर त्याचं भाडं कोणी भरायचं? जन्मभर इतिहास शिकवला, खोड जात नाही. शोधत बसलो.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. सरकारी पैसा घेणाऱ्यांनी अपंगांशी भेदभाव करू नये, असा कायदा तिथे १९७३ मध्ये झाला. तो विमान कंपन्यांनाही लावा, म्हणून अपंग माजी सैनिकांची संघटना भांडत होती. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी पैसा विमानतळांना मिळतो, कंपन्यांना नाही. सबब हा कायदा त्यांना लागू नाही. संघटना हरली. पण त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने विमान कंपन्यांसाठी वेगळा कायदाच केला! १९९० मध्ये त्याचे नियम आले. सुरक्षिततेसाठी, ठराविक परिस्थितीतच कंपनी सोबती मागू शकते. मात्र प्रवासी "मी एकटा जाऊ शकतो" म्हणत असताना कंपनीने सोबती घ्यायला लावला, तर त्याचं भाडं घ्यायचं नाही. ज्याचा हट्ट त्याचा खर्च.

कॅनडा एक पाऊल पुढे गेला. ज्याला सोबत्याशिवाय विमानात बसताच येत नाही, त्याने दोन भाडी का भरायची, अशी तक्रार तिथे २००२ मध्ये झाली. जानेवारी २००८ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने निकाल दिला: देशांतर्गत प्रवासात एक माणूस, एक भाडं. कंपन्या म्हणाल्या, परवडणार नाही. प्राधिकरणाने हिशेबच मांडला. एअर कॅनडाला दर तिकिटामागे सुमारे ७७ सेंट, वेस्टजेटला ४४ सेंट. कंपन्या वरच्या कोर्टांत गेल्या, पण तिथेही काही हाती लागलं नाही आणि जानेवारी २००९ पासून नियम सुरू झाला.

आता आपल्याकडे. आपल्या रेल्वेत सोबत्याशिवाय जाऊ न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाबरोबर सोबत्यालाही तिकिटात सवलत मिळते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. विमानांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम २००८ मध्ये आले. पण कागदावरचा नियम विमानात पोचायला वेळ लागतो. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्या एकट्याच होत्या. जागेवर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. परिषद हुकली. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला.

दरम्यान २०१४ मध्ये नियम सुधारले होते. खाणं, बोलणं, शौचाला जाणं हे आपलं आपण जमतं असं प्रवाशाने स्वतः सांगितलं, तर कंपनीने सोबत्याचा आग्रह धरायचा नाही. म्हणजे काउंटरवरच्या मुलीचे प्रश्न तसे बरोबरच होते, फक्त विचारले चुकीच्या माणसाला! २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही, त्यानंतर आणखी एक सुधारणा झाली. आता प्रकृती बिघडेल अशी शंका असली तरी कंपनीने परस्पर नकार द्यायचा नाही, विमानतळावरच्या डॉक्टरांनी प्रवाशाला तपासायचं.

या सगळ्या सनावळीतून मला एकच गोष्ट दिसते. पूर्वी कंपनी ठरवायची, आता आधी प्रवाशाला विचारायचं. एवढं साधं कळायला इतकी वर्षं आणि इतकी कोर्टं लागली.

हे सगळं अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सोबती तू नव्हतास रे. बोर्डिंग पास हरवलास कोणी, आणि शोधून दिला कोणी?"

असो. तुमचे अनुभव जरूर कळवा.