नागमोडी सांडव्याची कुळकथा

सांडव्यावरून जाणारा विसर्ग माथ्याच्या लांबीच्या आणि त्यावरील जलशीर्षाच्या, म्हणजे माथ्यावर चढलेल्या पाण्याच्या उंचीच्या, दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. परंतु जलशीर्ष चढू द्यावे तर काठच्या गावठाणांवर व जमिनींवर संकट येते, आणि लांबी वाढवावी तर दरीच आडवी येते. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग दरवाज्यांचा होय, आणि खडकवासल्यास 1903 मध्ये बसविलेली विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित द्वारे हा त्याचा थोर नमुना आहे. दुसरा मार्ग असा की, लुगड्याला निऱ्या घालाव्यात तशी सांडव्याची भिंतच तेवढ्या रुंदीत त्रिकोणी अथवा समलंबी घड्यांनी बांधावी, म्हणजे पाणी ओलांडणारी कड तिप्पट-चौपट होते आणि चालविण्यास यंत्र वा माणूस लागत नाही; हाच नागमोडी सांडवा.

इटलीत जेंतिलिनी यांनी 1941 च्या सुमारास अशा माथ्यांचा अभ्यास केला. पुढे नॉटिंगहॅम येथे टेलर यांनी त्यावर प्रबंध सिद्ध केला, आणि हे (Hay) व टेलर या जोडीचे संकल्पनाचे आलेख 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसले ते हे की, जलशीर्ष अल्प असता वाढीव लांबीचा जवळजवळ पूर्ण लाभ मिळतो, परंतु पूर चढू लागला की समोरासमोरच्या भिंतींवरून पडणाऱ्या धारा एकमेकींवर आदळतात, घडीतील जागा तुंबते आणि लाभ उतरणीस लागतो.

या विद्येची खरी कसोटी मात्र न्यू मेक्सिकोतील कॅनेडियन नदीवरच्या यूट धरणावर लागली. जलसाठा वाढविण्यासाठी दरवाज्यांच्या सांडव्यास सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर, तर नागमोडीस सुमारे 1 कोटी, असा हिशेब असल्यामुळे दुसऱ्याची निवड झाली, आणि उपलब्ध आलेखांवरून दहा घड्यांची तजवीज झाली. पण अमेरिकी भूसुधार खात्याने प्रतिकृतीवर परीक्षण करताच ती अपुरी ठरली. हे परीक्षण करणाऱ्या ह्यूस्टन यांच्या अभ्यासातून उलगडले की, जुन्या आलेखांत केवळ पाण्याची पातळी धरली होती, येणाऱ्या प्रवाहाच्या वेगात दडलेली ऊर्जा जमेस धरली नव्हती, आणि म्हणून विसर्गाचे गुणांक वाजवीपेक्षा चढे निघाले होते. जलशीर्षाच्या व्याख्येतील एवढ्या फरकाने चार घड्या वाढल्या! अखेर चौदा घड्यांचा, 256 मीटर रुंदीत सुमारे 1,024 मीटर कड सामावणारा आणि सेकंदाला सुमारे 15,570 घनमीटर विसर्ग वाहून नेणारा सांडवा 1984 च्या सुमारास उभा राहिला. मोठ्या पाण्याच्या हिशेबात प्रयोगशाळेच्या हौदाचा अधिकार किती मोठा असतो, याचे याहून समर्पक उदाहरण मला ठाऊक नाही. 1995 मध्ये टलिस, अमानियन व वॉल्ड्रन यांनी भिंतीचा कोन आणि जलशीर्षाचे भिंतीच्या उंचीशी असलेले प्रमाण यांवरून नवे गुणांक सिद्ध केले.

तरीही या घड्यांना पायथ्याशी ऐसपैस सपाट बैठक लागत असे, ती गुरुत्वधरणाच्या अरुंद माथ्यावर कोठून मिळावी? फ्रान्सचे लाँपेरियेर व अल्जीरियाचे औआमान यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत घड्यांचे तळ उतरते आणि टोके पुढेमागे अधांतरी बाहेर काढलेली होती, त्यामुळे बैठक आखूड झाली. पियानोच्या पट्ट्यांवरून नाव पडलेला हा वंशज 2006 मध्ये फ्रान्समधील गुलूर धरणावर प्रथम बसला, आणि हिमाचलातील पब्बर नदीवरचा सावरा-कुड्डू प्रकल्पाचा बंधाराही याच घराण्यातला आहे.