आर्थिक स्वातंत्र्य : पुस्तकांची शिकवण, पडद्याचा इशारा

गुंतवणुकीच्या उत्पन्नातून घरखर्च भागू लागणे म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य. विकी रॉबिन आणि ज्यो डोमिंगेझ यांच्या ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ (१९९२) या पुस्तकाने ही कल्पना लोकप्रिय केली. खर्च कामाच्या तासांत मोजावा, हे त्यातील सूत्र. महिन्याला २०० तास राबून ३०,००० रुपये मिळवणाऱ्यासाठी १५,००० रुपयांचा मोबाइल म्हणजे १०० तासांचे श्रम. जॉर्ज क्लेसन यांच्या ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ने (१९२६) मिळकतीचा किमान दहावा हिस्सा आधी बाजूला ठेवण्यास सांगितले.

पुस्तके शिस्त शिकवतात, तर पडदा धोका दाखवतो. ‘द बिग शॉर्ट’ (२०१५) हा चित्रपट अमेरिकेतील गृहकर्ज संकटाची उकल करतो. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारित ‘स्कॅम १९९२’ (२०२०) ही मालिका बँकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शेअर तेजीची कहाणी मांडते.

मात्र अमेरिकी पुस्तकांतील कर व निवृत्तिवेतनाचे नियम भारतात लागू होत नाहीत. त्यामुळे तत्त्व पुस्तकातून घ्यावे, गुंतवणुकीचा निर्णय मात्र येथील नियम पाहून आणि सल्लागाराची ‘सेबी’कडील नोंदणी तपासूनच करावा.