शेफील्डचा मिटता चाकू

आकाशकंदील घरी करण्याची हौस ज्या घरांत अजून टिकून आहे, तिथे दिवाळीच्या आठवडाभर आधी एक शोध सुरू होतो. कामट्या आल्या, रंगीत कागद आले, खळ शिजली; आता कामट्या तासायला चाकू हवा. विळी स्वयंपाकघरातून हलायची नाही, कोयता फार मोठा, आणि सुरी बोथट. मग घरातले कोणी वडीलधारे कपाटाच्या खणातून जुना मिटता चाकू काढतात आणि खाचेत नख घालून पाते उचलतात. ‘टक्क’ असा आवाज होतो, आणि भोवती बसलेली पोरे आपापसांत बोलायची थांबतात. चाकू त्यांच्या हाती कोणी देत नाही, पण असा एक आपल्या खिशात असावा ही इच्छा तिथेच जन्माला येते.

त्या ‘टक्क’ आवाजामागे मोठा इतिहास आहे. पाते मिटवून मुठीत ठेवण्याची युक्ती फार जुनी. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. मिटवणे सोपे, अवघड गोष्ट ही की, काम चालू असताना पाते उलटून बोटांवर येऊ नये. जुन्या चाकूंत पाते नुसत्या खिळ्याच्या घट्टपणावर उभे राही, आणि खिळा सैल झाला की मालकाच्या बोटांची खैर नसे. सतराव्या शतकात इंग्रज कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादाची कमान बसवण्याचा प्रघात पाडला. पात्याचे बूड चौकोनी ठेवायचे आणि त्यावर ही कमान दाबून धरायची. पाते उचलू लागले की कमान आधी विरोध करते. चौकोनाचा कोपरा एकदा ओलांडला की तीच पात्याला पुढे ढकलून जागेवर बसवते. मिटवतानाही तसेच. एका पट्टीने दोन्ही कामे! इतक्या थोड्या सामानात इतकी अक्कल क्वचितच कुठे साठवलेली असेल.

इंग्रजीत ह्या चाकूच्या लहान जातीला ‘पेननाइफ’ म्हणतात, कारण पिसाची लेखणी तासणे हे त्याचे मूळ काम. फारसीतला ‘कलमतराश’ही तोच. आपल्याकडच्या दप्तरांतही बोरूला टोक काढायला चाकू लागेच. टोक बिघडले की अक्षर बिघडले. पुढे पोलादी टाक आला, पिसे गेली, तरी तिकडे ‘पेननाइफ’ हे नाव राहिले. आपल्याकडे बोरू गेला आणि ‘बोरूबहाद्दर’ तेवढा उरला.

ह्या चाकूंचे माहेर म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडील शेफील्ड. डोंगरातून धावत येणाऱ्या पाच नद्या, त्यांच्यावर फिरणारी पाणचक्की, आणि जवळच सहाणेला योग्य असा वाळूचा दगड. एवढ्या भांडवलावर हे गाव उभे राहिले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या कथांतल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोवून दिला आहे. म्हणजे तेव्हाच त्याचे नाव दूरवर गेले होते. १६२४ साली तिथल्या चाकूवाल्यांचा संघ कायद्याने स्थापन झाला. १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याला हवी होती घड्याळासाठी चांगली कमान! (मुशीतल्या पोलादाची विद्या दक्षिण हिंदुस्थानात त्याआधी कित्येक शतके नांदत होती, हे इथे सांगून ठेवावे, हंट्समनने मात्र आपली वाट स्वतः शोधली.) गंमत अशी सांगतात की, शेफील्डच्या चाकूवाल्यांनी हे पोलाद फार कठीण म्हणून नाकारले. हंट्समनने ते फ्रान्सला विकले. तिकडचे चाकू सरस निघू लागले, तेव्हा कुठे गाववाल्यांचे डोळे उघडले.

चाकू एका हाताने होत नसे. एकजण पाते ठोकी आणि त्याला पाणी देई, दुसरा ते सहाणेवर घाशी, तिसरा मूठ, कमान आणि पाते जोडी. ह्या जोडणाऱ्याची परीक्षा कठीण. कमान उघड्या चाकूत मुठीच्या पाठीशी सपाट बसली पाहिजे आणि मिटल्यावरही. बोट फिरवले तर कुठे काठ लागता कामा नये. केसाएवढा फरक कानशीने काढायचा, पुन्हा जोडून पाहायचे, पुन्हा उलगडायचे. मुठीला हस्तिदंत, शिंपला, म्हशीचे शिंग, आणि सर्वांत लाडके म्हणजे सांबरशिंग. आपल्या आज्या मुक्या मारावर उगाळून लावत तेच! हिंदुस्थानातल्या रानात सांबरांनी गाळलेली शिंगे गोळा होऊन बोटीने शेफील्डला जात आणि साहेबाच्या खिशातली मूठ होत. १९९८ साली भारत सरकारने ह्या शिंगांची निर्यात बंद केली.

जोसेफ रॉजर्स ह्या नामांकित कारखान्याने १८२२ साली त्या सालाइतकीच, म्हणजे १८२२ पात्यांचा एक चाकू केला, आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा दुसरा. कारागिरी थोर खरी. पण हे चाकू नव्हेत, वरातीतले हत्ती आहेत. एका पात्याचा, तळहातात मावणारा, नीट मिटणारा चाकू ह्या दोहोंपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

आता जी गोष्ट सांगायची ती सणाच्या दिवशी सांगावी की नाही, असा प्रश्न पडतो. पण ती वगळली तर चाकूचे खरे मोल कळणार नाही. सहाणेवर बसणारा घासणारा दिवसभर दगडावर ओणवा असे आणि दगडाची व पोलादाची धूळ त्याच्या छातीत जाई. फ्रीड्रिख एंगल्सने १८४५ सालच्या आपल्या ग्रंथात शेफील्डच्या डॉ. नाइट यांचा हवाला दिला आहे: कोरड्या दगडावर काम करणारा सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगे, ओल्या दगडावरचा पंचेचाळिशी क्वचित ओलांडी. त्यांतले दारूडे अधिक जगत, कारण ते कामाला वरचेवर दांडी मारीत! धूळ ओढून घेण्याची साधने निघाली, तेव्हा काही कामगारांनीच ती नको म्हटली. माणसे जास्त जगली तर हात वाढतील आणि मजुरी घसरेल, ही त्यांची भीती. आयुष्य तोडून मजुरी टिकवण्याचा हा हिशेब वाचताना अंगावर काटा येतो. जुन्या शेफील्डच्या पात्याची ती आरशासारखी झळाळी कुणाच्या तरी श्वासाच्या बदल्यात आलेली असते.

विसाव्या शतकात हा धंदा ओसरला. कारखाने मिटले, पण एकटे बसून चाकू जोडणारे काही कारागीर मागे राहिले. त्यांना तिकडे ‘छोटे मालक’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. त्यांच्यातले स्टॅन शॉ १९२६ साली जन्मले, मिसरूड फुटण्याआधी धंद्यात शिरले, आणि सत्तरांहून अधिक वर्षे चाकू करीत राहिले. त्यांच्या हातच्या चाकूसाठी गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबत. २०२१ साली ते वारले.

असा जुना चाकू कुठे मिळालाच तर आधी तो उजेडासमोर धरावा. कमान आणि मुठीच्या पट्ट्या यांच्या फटीतून प्रकाश दिसला नाही, तर जोडणारा हात पक्का होता. मग सांध्यात तेलाचा एक थेंब. जुने पोलाद गंजते, म्हणून लिंबू-कैरी कापली की लगेच पुसावे. तरीही पात्यावर हळूहळू निळसर काळी छटा चढते. ती घासून काढू नये. मालकाने काय काय कापले याची ती नोंद आहे. आणि कुणाला चाकू भेट द्यायचा झाला, तर त्या माणसाकडून आधी एक नाणे मागून घ्यावे. धारेच्या भेटीने स्नेह तुटतो अशी इंग्रजांची समजूत, म्हणून ते ती भेट विकत दिल्यासारखी करतात.