नियम दिला, खिचडी शिकवली नाही



आमचा थोरला नातू या पावसाळ्यात कॉलेजसाठी पुण्याला निघालाय. बॅग भरायच्या आधी मी त्याला रोज तासभर ओट्याशी उभा करते. सून म्हणाली, "आई, तिथे मेस आहे की." मी गप्प राहिले. मेस त्याच्या वडिलांनाही होती.

माझा मुलगा कासा सोडून शिकायला गेला, तेव्हा मी त्याला चौविहाराचा आणि कंदमूळ न खाण्याचा नियम आठवून दिला, डब्यात खाकरे भरले आणि निश्चिंत झाले. मेसचं जेवण रात्री आठला. दोन महिने तो सूर्यास्ताआधी बिस्किटं खाऊन झोपला. मग चौविहार सुटला, पुढे कांदा-बटाटाही आला. हे त्याने मला सांगितलं ते चार वर्षांनी, मान खाली घालून. मला राग आला तो माझाच. नियम दिला, पण मुगाची खिचडी कशी लावायची हे शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून जुन्या चरित्रांत मी एकच गोष्ट शोधते: घर सोडून शिकायला गेलेला माणूस जेवला काय आणि ते रांधलं कोणी?

पहिलं उदाहरण गांधीजींचं. १८८८ साली ते बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले. आईला भीती होती. तेव्हा घरच्यांच्या विश्वासातले बेचरजी स्वामी यांनी त्यांच्याकडून मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. हे बेचरजी स्वामी जैन साधू होते, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. प्रतिज्ञा मिळाली, पण स्वयंपाक कोणी शिकवला नव्हता. लंडनमध्ये बेचव उकडलेल्या भाज्या आणि पाव खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा अर्धपोटी राहिला. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली, तेव्हा कुठे पोटभर जेवला.

पुढे लंडनच्या मॅट्रिकचा अभ्यास करताना त्यांनी खर्च कमी करायचं ठरवलं. दोन खोल्या सोडून एक घेतली आणि एक स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, त्याला जेमतेम वीस मिनिटं. दुपारी बाहेर, रात्री घरी पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेब मांडून पाहिला. शिलिंगचे बारा पेन्स, म्हणजे दिवसाला पंधरा पेन्स आणि तीस दिवसांचे साडेसदतीस शिलिंग; दोन पौंडांच्या आत महिनाभराचं जेवण! प्रतिज्ञा त्यांच्या मनाच्या बळावर टिकली हे खरंच, पण पुढचे दिवस सुखाचे झाले त्या स्टोव्हमुळे.

दुसरं उदाहरण आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलं. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, जन्म १८६५ चा. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्या. फिलाडेल्फियाचं मेडिकल कॉलेज सुरू होईपर्यंत त्या न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. शाकाहार सोडायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला चूल नवीन नव्हती. पण तिथली थंडी, अभ्यास आणि स्वतःचं स्वतः रांधणं हे सगळं एकटीच्या अंगावर आलं. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांना स्वयंपाक येत होता, तरीही ओझं जड झालं. म्हणून मी नातवाला पंचपक्वान्नं शिकवत नाही. जे पटकन होईल, पोट भरेल आणि आजारपणातही जमेल, तेवढंच.

आपल्या समाजाने ही अडचण लवकर ओळखली होती. १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झालं. बाहेरगावच्या मुलाला राहायला जागा आणि आपलं जेवण मिळालं, तर तो शिकेल, हा त्यामागचा विचार. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील त्याच्याही पुढे गेले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि स्वयंपाकासकट सगळी कामं स्वतः करायची. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या बोर्डिंगात भाकरी थापणं हे बाईचं काम नव्हतं, विद्यार्थ्याचं होतं. शंभर वर्षं झाली, आपल्या घरात मात्र मुलगा अजून पाण्याचा पेला मागतो!

आमच्या कासा-डहाणू भागातली आदिवासी मुलंही वसतिगृहांत राहून शिकतात. शासनाने शहरांतल्या वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा २०१८ च्या जुलैत मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. काही जणींना वाटलं, पैसे मिळताहेत ना, मग तक्रार कसली? मला माझा मुलगा आठवला. खात्यात पैसे आले म्हणजे ताटात जेवण येत नाही. त्यासाठी चूल, वेळ आणि शिकलेला हात लागतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याची खानावळ काढून घेणं सोपं नाही.

नातवाचं शिक्षण असं चाललंय: पहिले दिवस तांदूळ-डाळ निवडणं, पीठ चाळणं, पाणी गाळणं, शेगडी पेटवण्याआधी पुंजणीने झाडून घेणं. जयणा आधी, फोडणी नंतर. मग मुगाची खिचडी, वरण-भात, हिंग-जिऱ्याची दुधी आणि कोबी, शेवटी फुलके. पहिली खिचडी तळाला लागली. त्याने ती खरवडून खाल्ली, ताट धुऊन प्यायला, मग भांडंही घासलं.

काल संध्याकाळी पाच वाजता त्याने एकट्याने खिचडी लावली आणि सगळ्यांना वाढली. माझा मुलगा जेवायला बसला होता. पहिला घास घेऊन तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, सोपी असते गं ही."

"हो रे," मी म्हटलं, "मीच उशीर केला."

मैत्रिणींनो, तुमच्या घरातून यंदा कोणी निघणार असेल, मुलगी असो की मुलगा, तर नियम देताना सोबत कुकरही द्या. आणि तो लावायला आधी घरीच शिकवा.