फायब्रोमायाल्जिया : वेदनेची जैविक कारणे

शरीरभर पसरलेल्या आणि तीन महिने किंवा अधिक काळ टिकणाऱ्या वेदनांचा विकार. थकवा, झोपूनही न जाणारा शिणवटा आणि एकाग्रतेचा अभाव ही त्याची इतर प्रमुख लक्षणे. सुमारे २ ते ४ टक्के लोकांत तो आढळतो. निदान झालेल्यांत स्त्रिया अधिक असतात. ईएसआर, सीआरपी यांसारख्या दाहदर्शक रक्तचाचण्या सहसा नॉर्मल येतात, तरीही अंग ठणकत राहते. या वेदनेचे मूळ मुख्यतः चेतासंस्थेच्या कार्यातील बिघाडात आहे, असे आज मानले जाते.

कल्पनेचा विकास : ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा वापरली. तंतुमय ऊतींचा दाह, असा तिचा रोख होता. असा दाह स्नायूंत सापडेना, तेव्हा १९७६ पासून सध्याचे नाव रूढ होऊ लागले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या १९९० च्या निकषांत ठरावीक १८ पैकी ११ जागा दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. २०१० च्या निकषांत ही अट वगळून वेदनेची व्याप्ती आणि इतर लक्षणांची तीव्रता यांवर भर देण्यात आला.

केंद्रीय संवेदनीकरण : वेदनासंदेश वारंवार येत राहिले की मज्जारज्जूतील चेतापेशी अधिक उत्तेजनक्षम होतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णाला एकाच तीव्रतेचा चटका ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिला, तर वेदना निरोगी व्यक्तीपेक्षा जास्त चढते आणि उशिरा ओसरते. रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ‘सबस्टन्स पी’ या वेदनावाहक रसायनाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट आढळले आहे. मेंदूच्या इन्सुला या भागात ग्लुटामेट वाढलेले दिसते. अंगठ्याच्या नखावर दाब देऊन केलेल्या एमआरआय अभ्यासात (२००२) रुग्णांच्या मेंदूतील वेदनाकेंद्रे तुलनेने हलक्या दाबानेही उद्दीपित झाली. रुग्णाची तक्रार अतिशयोक्त नसल्याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला.

वेदनारोधाची कमतरता : मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूकडे उतरणारे चेतामार्ग सेरोटोनिन व नॉरॲड्रेनलिन यांच्या साहाय्याने वेदनासंदेश रोखतात. निरोगी माणसाला एका जागी वेदना दिली की दुसऱ्या जागेची वेदना कमी जाणवते. अनेक रुग्णांत हा परिणाम क्षीण असतो. ही दोन्ही रसायने चेतासंधीत टिकवणाऱ्या ड्युलोक्सेटिन व मिल्नासिप्रान या औषधांचा काही रुग्णांना उपयोग होतो, तो त्यामुळेच. प्रिगॅबलिन हे औषध ग्लुटामेटसारख्या उत्तेजक रसायनांचे स्रवण घटवते. शरीराची स्वतःची अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये ज्या ग्राहींवर काम करतात, ते रुग्णांच्या मेंदूत कमी प्रमाणात उपलब्ध असल्याचे पेट स्कॅनने दाखवले आहे. मॉर्फिनवर्गीय औषधांचा अपुरा परिणाम यातून काही अंशी समजतो.

परिघीय व प्रतिरक्षात्मक घटक : त्वचेच्या सूक्ष्म चेतातंतूंची घनता बऱ्याच रुग्णांत घटलेली असते, असे २०१३ पासूनच्या बायोप्सी अभ्यासांत दिसले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांच्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे उंदरांना टोचली असता, उंदीर दाब व थंडी यांना अतिसंवेदनशील झाले आणि त्यांची पकड दुबळी झाली. ही प्रतिपिंडे मज्जारज्जूलगतच्या संवेदी चेतागुच्छिकांतील आधारपेशींना चिकटलेली आढळली. सर्व रुग्णांत हीच प्रक्रिया घडते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

झोप, ताण व आनुवंशिकता : हार्वे मोल्डोफ्स्की व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये निरोगी व्यक्तींची गाढ झोप मोडली, तेव्हा त्यांना अंगदुखी व थकवा जाणवू लागला. वेदनेने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने वेदना वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांत विकाराचे प्रमाण जास्त असते. मात्र एकच कारणीभूत जनुक सापडलेले नाही. अपघात, संसर्ग किंवा दीर्घ मानसिक ताण यांनंतरही विकार सुरू होऊ शकतो.

वर्गीकरण व उपचारदृष्टी : ऊतींची इजा किंवा चेतातंतूंचा आघात यांनी पूर्णपणे न उलगडणाऱ्या अशा वेदनेसाठी आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ हा तिसरा वर्ग स्वीकारला. संधिवाताभ संधिदाहाच्या रुग्णांतही फायब्रोमायाल्जिया आढळतो. अशा वेळी सांध्यांचा दाह आटोक्यात येऊनही अंगदुखी उरली, तर दाहशामक औषधे वाढवून भागत नाही. क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम, झोपेची सुधारणा आणि चेतासंस्थेवर काम करणारी औषधे यांचा विचार करावा लागतो.