जास्वंद

जास्वंद (शास्त्रीय नाव : हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, कुल : माल्व्हेसी) ही उष्ण कटिबंधातील एक सदापर्णी, बहुवर्षायू फुलझुडूप वनस्पती आहे. मोठ्या, ठळक रंगाच्या फुलांसाठी ती घरांच्या परसात, देवळांच्या आवारात, उद्यानांत आणि कुंपणाला लावली जाते. भेंडी, अंबाडी आणि कापूस या वनस्पती तिच्याच कुलातील आहेत. लाल जास्वंदीचे फूल गणपतीला प्रिय मानले जात असल्यामुळे महाराष्ट्रात या झुडपाला विशेष स्थान आहे. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते आणि ते नव्या फुटीवरच येते. लागवडीची व निगेची बहुतेक सारी तत्त्वे या दोन गोष्टींतून निघतात.

नावे

संस्कृतमध्ये या वनस्पतीला जपा किंवा जवा म्हणतात. हिंदीत गुडहल, बंगालीत जबा, गुजरातीत जासूद, कन्नडमध्ये दासवाळ, तेलुगूत मंदार आणि मल्याळममध्ये चेंबरत्ती ही नावे रूढ आहेत. कार्ल लिनीअस याने १७५३ साली दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘रोझा-सायनेन्सिस’ या पदाचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा आहे. मात्र गुलाबाशी या वनस्पतीचे कोणतेही जवळचे नाते नाही.

मूलस्थान व प्रसार

जास्वंदीची लागवड आशियात व पॅसिफिक बेटांवर फार प्राचीन काळापासून होत आली आहे. वन्य अवस्थेत ती निश्चितपणे कोठेही आढळत नसल्याने तिच्या मूलस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. केरळमधील वनस्पतींचे वर्णन करणाऱ्या ‘होर्टस मलाबारिकुस’ या सतराव्या शतकातील ग्रंथात तिची नोंद आहे. मलेशियाने १९६० साली जास्वंदीला राष्ट्रीय फुलाचा दर्जा दिला. हवाई राज्याचे राज्यपुष्प असलेली पिवळी जास्वंद मात्र वेगळ्या जातीची व त्या बेटांवरचीच आहे.

वर्णन

हे झुडूप साधारणपणे २ ते ४ मीटर उंच वाढते. पाने साधी, एकाआड एक, अंडाकृती, टोकदार आणि चकचकीत हिरवी असतात. त्यांची कडा दंतुर असून देठाकडील भाग बहुधा सरळ कडेचा असतो. पाने, फुले व साल यांत बुळबुळीत श्लेष्मल द्रव्य असते.

फुले कोवळ्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत एकेकटी येतात. एकेरी फुलात पाच पाकळ्या असतात. संवर्तुळाच्या खाली अरुंद हिरव्या छदकांचे आणखी एक वर्तुळ असते, त्यास अपिसंवर्त म्हणतात. असंख्य केसरदले जुळून त्यांची एक नळी बनते. या नळीतून कुक्षिवृंत बाहेर येतो व त्याच्या टोकाला पाच गोल कुक्षी दिसतात. फुलाचे सर्व भाग मोठे आणि सुटे करण्याजोगे असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांत फुलाची रचना शिकविण्यासाठी जास्वंदीचाच वापर अधिक होतो.

फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटून दुसऱ्या दिवशी गळते. काही दुहेरी व संकरित प्रकारांची फुले दोन-तीन दिवस टिकतात. लागवडीतील झुडपांना फळे क्वचितच धरतात, त्यामुळे अभिवृद्धी मुख्यतः कलमांनी केली जाते.

प्रकार

एकेरी लाल फुलांची देशी जास्वंद सर्वांत काटक आहे. यांखेरीज दुहेरी लाल, गुलाबी, पांढरे, पिवळे, केशरी आणि एकाच फुलात अनेक रंगछटा असलेले असंख्य संकरित प्रकार उपलब्ध आहेत. अनेक संकरित प्रकारांची मुळे नाजूक असल्याने त्यांचे कलम देशी लाल जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. अशा रोपांत कलमाच्या जोडाखालून येणारी फूट वेळीच काढावी लागते. ती राहिल्यास खुंटच जोमाने वाढतो, वरचे कलम खुरटते व काही वर्षांनी झाडाला केवळ लाल फुले येऊ लागतात.

खोल कातरलेल्या, मागे वळलेल्या पाकळ्यांचे आणि झुंबरासारखे लोंबणारे फूल असलेली जास्वंद ही पूर्व आफ्रिकेतील वेगळी जाती (हिबिस्कस स्किझोपेटॅलस) आहे. न उमलणाऱ्या, मिरचीसारख्या लाल फुलांची ‘मिरची जास्वंद’ ही तर वेगळ्या प्रजातीतील वनस्पती आहे.

लागवड

हवामान व जागा. जास्वंदीला उबदार, दमट हवा मानवते. दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. सावलीत झुडूप हिरवेगार राहते, पण कळ्या कमी धरते. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास वाढ थांबते व पाने पिवळी पडतात. कडाक्याची थंडी तिला सोसत नाही.

जमीन. पाण्याचा निचरा होणारी, सेंद्रिय द्रव्यांनी युक्त आणि किंचित आम्ल जमीन उत्तम. कोकण व गोव्यातील जांभ्या मातीत झुडूप सहज वाढते. दख्खनच्या पठारावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने केवड्यासारखी पिवळी पडतात व त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा जमिनीत खड्डा मोठा घेऊन त्यात पोयटा, वाळू व भरपूर कुजलेले शेणखत भरणे हितावह असते.

अभिवृद्धी. पावसाळा हा कलमे लावण्याचा सर्वांत सोयीचा काळ आहे. अतिकोवळी किंवा अतिजून नसलेली, पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची १० ते १५ सेंटिमीटर लांबीची फांदी डोळ्याच्या लगेच खाली कापून घ्यावी. वरची एक-दोन पाने अर्धी कापून ठेवावीत व बाकीची काढून टाकावीत. वाळूमिश्रित मातीत, सावलीत ठेवलेल्या कलमांना साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. नवी पालवी दिसली म्हणजे मुळे फुटलीच असे नव्हे. फांदीतील साठ्यावरही पालवी येते, म्हणून कलम उपटून पाहू नये व हलविण्याची घाई करू नये. सहज मुळे न धरणाऱ्या प्रकारांसाठी गुटी कलम करतात.

अंतर. स्वतंत्र झुडपांत दीड ते दोन मीटर, तर कुंपणासाठी ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवतात.

कुंडीतील लागवड. कुंडी किमान ३० सेंटिमीटर व्यासाची असावी आणि तिच्या तळाच्या छिद्रावर खापराचे तुकडे ठेवावेत. दर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड काढून मुळांचा बाहेरचा गुंता हलकेच छाटावा व माती बदलावी.

निगा

पाणी. माती सतत ओलसर असावी, पण चिखल होऊ नये. जमिनीत वाफसा आल्यावर पुन्हा पाणी देणे हा सर्वांत सोपा नियम आहे. कुंडीतील झाडाला उन्हाळ्यात रोज, तर हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी पुरते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

खते. नव्या फुटीसाठी नत्र आणि फुलांसाठी पालाश यांची गरज असते. स्फुरद मात्र थोडाच लागतो. फुले येत नाहीत म्हणून सुपर फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा वारंवार घालण्याची पद्धत जास्वंदीला अपायकारक ठरते. जादा स्फुरदामुळे लोहाचे शोषण अडते व पाने पिवळी पडतात. शेणखत किंवा गांडूळखत महिन्यातून एकदा थोडे थोडे देणे सुरक्षित असते. नुसते नत्र अधिक दिल्यास पाने माजतात आणि कळ्या घटतात.

छाटणी. फुले नव्या फुटीवर येत असल्याने छाटणीवाचून झुडूप उंच, पोकळ होते व फुले केवळ शेंड्याला उरतात. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये मुख्य छाटणी करून फांद्या सुमारे एक तृतीयांश कमी कराव्यात. कापताना बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर काप घ्यावा. भारी छाटणीनंतर पुन्हा भरपूर फुले येण्यास दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे भाद्रपदातील गणेशोत्सवासाठी फुले हवी असल्यास ज्येष्ठ महिन्यानंतर भारी छाटणी टाळावी. श्रावणात झाड नीटनेटके करण्यासाठी केलेली छाटणी नेमक्या उत्सवाच्या दिवसांतील कळ्या घालविते.

कळ्या गळणे

कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळणे ही जास्वंदीबाबतची सर्वसामान्य तक्रार आहे. पाण्यातील अनियमितता, म्हणजे आधी कोरडी पडलेली आणि मग एकदम भिजवलेली माती, हे तिचे प्रमुख कारण होय. तीव्र उन्हाळा, कुंडीची जागा अचानक बदलणे, नत्राचा अतिरेक आणि कळीत शिरणारे फुलकिडे ही अन्य कारणे आहेत. गळलेली कळी उघडून पाहिल्यास आत कीड आहे की नाही ते कळते. कीड नसताना औषध फवारल्याने गळ थांबत नाही.

कीड

मावा, पांढरी माशी, खवले कीड व लाल कोळी यांचा उपद्रव होतो, परंतु सर्वाधिक हानी पिठ्या ढेकणामुळे होते. कापसाच्या बोळ्यासारख्या दिसणाऱ्या या किडी पानांच्या बगलेत, शेंड्यांवर व कळ्यांच्या देठांशी राहून रस शोषतात. गुलाबी पिठ्या ढेकणाच्या (मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस) लाळेमुळे कोवळी पाने चुरगळतात, शेंडे आखडून त्यांचे गुच्छ होतात व फूट थांबते. तुतीवरील ‘तुक्रा’ ही विकृती याच किडीमुळे होते. किडीच्या चिकट गोड स्रावावर काजळी बुरशी वाढून पाने काळी पडतात. या स्रावासाठी येणारे मुंगळे व मुंग्या किडीचे तिच्या शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसू लागणे ही पहिली सूचना समजावी.

कापसावरील पिठ्या ढेकूण (फेनाकॉकस सोलेनॉप्सिस) जास्वंदीवरही जगतो. कापसाचे पीक निघाल्यावर परसातील बारमाही जास्वंद या किडीचा आसरा ठरू शकते. विदर्भ, मराठवाडा व खानदेश या कापूस पिकविणाऱ्या भागांत त्यामुळे घरच्या झुडपाची निगा शेताच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

नियंत्रणासाठी कीडग्रस्त शेंडे कापून पिशवीत बंद करून नष्ट करावेत. ते खताच्या खड्ड्यात किंवा बांधावर टाकू नयेत. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारून पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा व आठवड्याने पुन्हा फवारावा. मुंग्यांचा बंदोबस्त केल्यास क्रिप्टोलिमस जातीच्या ढालकिड्यासारख्या मित्रकीटकांना वाव मिळतो. झाडात भिनणारी तीव्र कीटकनाशके शक्यतो टाळावीत. जास्वंदीची फुले रोज हाताळली जातात, तेलात व औषधात घातली जातात. शिवाय मकरंदासाठी शिंजीर पक्षी व मधमाश्या फुलांवर नित्य येतात.

उपयोग

फुले व पाने केसांच्या तेलात आणि केस धुण्यासाठी पूर्वापार वापरली जातात. पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी व आम्लारीत हिरवा होत असल्याने शालेय प्रयोगांत तो नैसर्गिक दर्शक म्हणून वापरतात. पाकळ्या चोळून बूट काळे करीत असल्यामुळे या फुलाला इंग्रजीत ‘शू फ्लॉवर’ हे नाव पडले. बाजारात ‘हिबिस्कस टी’ या नावाने मिळणारे आंबट पेय मात्र बहुधा लाल अंबाडीच्या मांसल पाकळ्यांसारख्या संवर्तापासून केलेले असते, या जास्वंदीपासून नव्हे. प्राण्यांवरील काही प्रयोगांत फुलांच्या अर्काचा गर्भधारणेवर प्रतिकूल परिणाम आढळला आहे. त्यामुळे गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून तो पोटात घेऊ नये.

सांस्कृतिक महत्त्व

महाराष्ट्रात गणपतीला आणि बंगालमध्ये कालीमातेला लाल जास्वंद वाहतात. नवग्रहस्तोत्रात सूर्याच्या वर्णाला जपाकुसुमाची उपमा दिलेली आहे. अद्वैत वेदान्तात उपाधीची कल्पना स्पष्ट करताना स्फटिक व जपाकुसुम यांचा दृष्टान्त येतो. फुलाजवळ ठेवलेला स्वच्छ स्फटिक तांबडा भासतो. फूल दूर केले की तो मूळचाच निर्मळ असल्याचे दिसते.