फॉर्म खंय गेलो?

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तारकर्ली-देवबागकडे पाहुण्यांची वाट रुळली. तेव्हा खोली राखायची म्हणजे फोन लावायचा, तोही घरात कोणी उचलला तर. वेबसाइट आणि त्यावरचा बुकिंगचा फॉर्म हे खूप नंतरचं. माझं पोट त्या फॉर्मवर चालतं. निवास-न्याहारीवाल्यांच्या साइट मी सांभाळतो.

2018 च्या जुलैत क्रोमने साध्या एचटीटीपी पत्त्यांसमोर ‘असुरक्षित’ लिहायला सुरुवात केली. मग सगळ्यांनाच पत्त्यासमोरचं एचटीटीपीएसचं कुलूप हवं झालं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट होतंच. साइटच्या पुढ्यात एन्जिनएक्स बसवायचा, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी: पाहुण्याची विनंती तो घेतो, आतल्या प्रोग्रामला देतो. कोणी जुन्या पत्त्यावर आला तर 301, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदललाय’, सांगून एचटीटीपीएसवर धाडतो. पानं झकास उघडली. पण एका घरमालकीणबाईंचा ऐन मे महिन्यात फोन: “लोक म्हणतत आमी फॉर्म भरलो, माका एकव गावलो नाय.”

लॉगमध्ये चोर लगेच दिसतो. एक ‘पोस्ट’, म्हणजे भरलेला फॉर्म पाठवणारी विनंती, उत्तर 301. पाठोपाठ त्याच पाहुण्याचा ‘गेट’, म्हणजे नुसतं पान मागणारी विनंती, उत्तर 200, म्हणजे ‘ठीक’. म्हणजे ब्राउझर नव्या पत्त्यावर गेला, पण नाव, फोन, तारखा मागेच टाकून. मालवणला आलेलं पत्र गिरगावच्या पत्त्यावर वळवावं आणि तिथे नुसतं पाकीट पोचावं, तसं. पाहुण्याला कोरा फॉर्म दिसतो, चूक कुठलीच दिसत नाही.

ही खोड ब्राउझरांच्या बालपणातली. मे 1996 च्या एचटीटीपी 1.0 च्या दस्तऐवजात स्पष्ट होतं की ‘पोस्ट’ला पाहुण्याला विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवू नये. त्याच दस्तऐवजात कबुलीही होती: काही ब्राउझर चुकीने त्याचा ‘गेट’ करतात. चूक सुधारण्याऐवजी आकडे वाढले. आपला जिल्हा पर्यटन जिल्हा झाला त्याच वर्षी, 1997 मध्ये, 303 आला: ‘आता गेटनेच जा.’ 1999 मध्ये 307: तात्पुरतं वळण, पण पद्धत बदलायची नाही. कायमच्या वळणासाठी तसाच 308 यायला 2014 उजाडलं. त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी 301 ची जुनी खोडही चालेल म्हणून मान्य केली. माझ्या मते नियम सवयीपुढे हरला, आणि त्याची किंमत छोटे धंदेवाले मोजतात.

308 लावला की फॉर्म पोचतो. अनेकजण तिथेच थांबतात. मला ते पटत नाही, कारण पहिल्या फेरीत पाहुण्याचा फोन नंबर उघड्यावरूनच जातो. मूळ दुखणं आत असतं. प्रॉक्सी आतल्या प्रोग्रामशी साध्या एचटीटीपीत बोलतो, म्हणून प्रोग्रामला वाटतं पाहुणाही तसाच आला, आणि तो फॉर्मवर जुनाच पत्ता छापतो. पाहुणा एचटीटीपीएसने आला हे सांगणारं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे शीर्षक प्रॉक्सीने पाठवावं, प्रोग्रामने त्यावर विश्वास ठेवावा; मग वळणाची गरजच उरत नाही. फॉर्मवरच्या पत्त्यातला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि शेवटची तिरकी रेघ खऱ्या पत्त्याशी जुळली नाही, तर तेही असंच वळण घडवून दगा देतात.

घरमालकांना एवढीच विनंती: साइटवाल्याचे पैसे चुकते करण्याआधी स्वतःच्या मोबाइलवरून एक बुकिंग भरा, आणि ते तुमच्याकडे पोचलं का ते बघा.